आरपार वारा

चाचाक, २४ मे

स्तानोयकाबाई,

फोनवर माझा आवाज ऐकला की तुम्ही रिसीव्हर आपटता, म्हणून पत्र. तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय आणि ऑपरेशन म्हटलं की तुम्ही देवाचा धावा करता. तेव्हा हे पत्र तुम्हाला पोस्टमन व्लायको वाचून दाखवणार आणि संध्याकाळपर्यंत ते अख्ख्या द्रेनोवो गावाला पाठ होणार, हे मला ठाऊक आहे. होऊ दे. व्लायको, मोठ्याने वाच आणि काही गाळू नकोस.

माझा नवरा मला परत द्या.

गुरुवारी बेलग्रेडच्या दवाखान्यातून त्याला सोडलं. मी खाली औषधाच्या दुकानात रांगेत उभी होते. वर आले तर खाट रिकामी. नर्स म्हणाली, "त्यांच्या आई आल्या होत्या, पुतण्याची गाडी घेऊन. म्हाताऱ्या बाईला मी कशी अडवणार?" गोळ्या माझ्या हातात आणि नवरा तुमच्या गाडीत. बेचाळीस वर्षांचा बाप्या, त्याला तुम्ही बाजारातल्या कोंबडीसारखा काखोटीला मारून नेलात. दुन्या शाळेतून आली आणि बापाची खोली उघडून उभी राहिली. चौदा वर्षांच्या पोरीला मी काय सांगायचं?

ज्युर्जेवदानच्या सणाला काय झालं ते गावाने एकदा नीट ऐकावं. त्या पहाटे बँड तुमच्या घरामागच्या टेकडीवर वाजवत होता, दरवर्षी वाजवतो तसा. माझा नवरा तिहोमीर त्यात पहिला ट्रम्पेट वाजवतो. वाजवता वाजवता त्याच्या उजव्या हातातून ट्रम्पेट गळून पडलं, तोंड एका बाजूला ओघळलं आणि शब्द चिखलासारखे यायला लागले. शहाण्या माणसाने काय केलं असतं? गाडी बोलावली असती. तुम्ही काय म्हणालात? "आरपार वारा लागला." म्हणे, रात्री दोन उघड्या खिडक्यांमधून वारं आलं आणि तुमच्या पोराचं तोंड वाकडं करून गेलं! मग घराच्या सगळ्या खिडक्या बंद. मीठ तव्यावर भाजून लोकरीच्या मोज्यात भरून गालावर. मानेला राकियाची दारू चोळली, उरलेली पाहुण्यांनी प्यायली. आणि झटका आलेल्या माणसाला मेंढीच्या कांबळ्याखाली झोपवून तुम्ही कोकरू वाढायला बसलात.

मला फोन दुपारी आला. तोही कशासाठी, तर तो आज रात्री घरी येणार नाही, त्याला बरं नाही, एवढं सांगायला. मागे त्याचा आवाज आला म्हणून मला कळलं. ॲम्ब्युलन्स मी पाठवली, चाचाकच्या बस स्टँडवरच्या माझ्या तिकिटाच्या खिडकीतून, समोर लोकांची रांग शिव्या देत असताना. दवाखान्यात पहिलाच प्रश्न, सुरू कधी झालं? पहाटे, म्हटल्यावर डॉक्टरने पेन खाली ठेवलं. रक्ताची गुठळी विरघळवायचं औषध पहिल्या काही तासांतच देता येतं. ते तास तुमच्या मोज्यात गेले.

पुढे बेलग्रेडला मानेच्या नसा तपासल्या, हृदयाचे ठोके दिवसेंदिवस यंत्रावर ऐकले, रक्त तपासलं. कारण सापडेना. शेवटी हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या भिंतीत एक भोक सापडलं, जन्मापासूनचं. पायातली एखादी गुठळी फुप्फुसात गाळली जायची ती त्या भोकातून पलीकडे सटकली आणि थेट मेंदूत गेली, असं डॉक्टरांना वाटतं. पुन्हा जाऊ शकते. तसं झालं तर या वेळेसारखा नुसता हात जड होऊन भागणार नाही.

चौदा जुलैला ते भोक बंद करणार आहेत. तोवर रोज सकाळी एक गोळी, आणि ट्रम्पेटमध्ये एक फुंकरही नाही. गोळ्या सोबत पाठवते आहे. नवऱ्याला परतीच्या बसने पाठवा.

यागोदा


चाचाक, ९ जून

स्तानोयकाबाई,

उत्तर मिळालं. अक्षर व्लायकोचं, विष तुमचं.

"आमच्या घराण्यात कुणाच्या काळजाला भोक नव्हतं. त्याचा बाप स्वेतोझार म्हातारा होईस्तोवर फुंकत होता. भोक असलंच तर तुझ्या चौथ्या मजल्याच्या घराला आहे. भर जानेवारीत दोन्हीकडच्या खिडक्या टाकतेस उघड्या. ओल्या केसांनी पाठवतेस त्याला बाहेर. वारं तिथेच शिरलं त्याच्या अंगात, माझ्याकडे येऊन नुसतं दिसलं. आणि तुझे डॉक्टर कागदावर लिहून देतात, 'कारण अज्ञात.' त्यांना ठाऊक नाही ना? मग मला ठाऊक आहे ते ऐका."

वा! सतरा वर्षं मी तुमची सून आहे आणि अजून मला तुमचं कौतुक वाटतं. डॉक्टरांनी सगळं बघितलं आणि ठाऊक नाही म्हणाले. तुम्ही काहीच बघितलं नाही आणि तुम्हाला सगळं ठाऊक. दुन्याला ताप आला तर वारा, माझा गर्भ पडला तेव्हा वारा, टोमॅटोवर कीड पडली तरी मी फाटक उघडं टाकलं म्हणून वारा.

ते भोक मी डोळ्यांनी पाहिलंय. डॉक्टरणीने त्याच्या दंडाच्या नसेत बारीक बुडबुड्यांचं पाणी सोडलं. पडद्यावर हृदयाचा एक कप्पा पांढरा झाला, दुसरा काळाच राहिला. मग ती त्याला म्हणाली, "आता श्वास कोंडून जोर करा, ट्रम्पेटचा वरचा सूर लावताना करता तसा." त्याने केला. आणि बुडबुडे भिंत ओलांडून पलीकडे गेले. एक-दोन नव्हेत, खूप. "एरवी ही झडप मिटलेली असते," ती म्हणाली, "जोर लावला की उघडते."

मी तिला खोदून खोदून विचारलं, तिकिटाच्या खिडकीवर लोक मला विचारतात तसं. तिने लपवलं नाही. म्हणाली, चारातल्या एका माणसाला असं भोक असतं आणि बहुतेक जण त्याच्यासकट म्हातारे होऊन मरतात. दुसरं काही कारण सापडलं असतं तर तिने याला हातही लावला नसता. पण वय कमी आहे, भोक मोठं आहे, बाकी सगळं स्वच्छ आहे. बंद केलं तर पुन्हा झटका येण्याचा धोका बराच कमी होतो. संपत नाही, कमी होतो. तुम्ही मात्र शपथेवर सांगता. खरं बोलणाऱ्याचं कुणी ऐकत नाही, हेच खरं.

आता मुद्द्याचं. तुमच्या पुतण्याने, ओब्रादने, काल स्टँडवर मला सगळं सांगितलं. लेकीच्या लग्नाची खरेदी करायला आला होता. तुम्ही तिहोमीरला रोज सकाळी अंगणात बसवून ट्रम्पेट वाजवायला लावता. कशासाठी? तर वाकडा ओठ सरळ व्हावा म्हणून! "काकू म्हणते, फुंकून फुंकून मूळ जागेवर येईल," ओब्राद म्हणाला. मी त्याला म्हटलं, "आणि तू बघत बसतोस?" तर म्हणतो कसा, "वहिनी, सूर मात्र अजून गोड आहे हं त्याचा."

ज्या जोराने झडप उघडते तोच जोर तुम्ही त्याला रोज उपाशीपोटी करायला लावता. शत्रूलाही असं सुचलं नसतं. थांबवा.

यागोदा


चाचाक, ३० जून

स्तानोयकाबाई,

काल रविवारी मी येऊन गेले. तुम्ही गावात सांगाल की मी शिमगा केला. केला. पण आधी काय झालं ते व्लायकोला कळू दे.

फाटकाशी तुम्ही झाडू घेऊन उभ्या होतात. "कोण मेलं?" असं विचारलंत.

"अजून कुणी नाही," मी म्हटलं, "म्हणूनच आले."

जूनचं ऊन, तुमचा कुत्रा सावलीत जीभ काढून पडलेला, आणि अक्रोडाखाली खुर्चीत माझा नवरा. डोक्याला लोकरीची टोपी, गळ्याला मफलर. मांडीवर ट्रम्पेट. मला पाहून त्याला आनंद झाला की भीती वाटली ते त्या अर्ध्या तोंडावरून मला कळेना, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

"गोळी घेतोस का?"

"आई देते."

"काय देते?"

"गोळी. आणि... लसणाची राकिया."

"आणि फुंकतोस?"

"थोडं. ओठासाठी." मग शब्द जुळवत म्हणाला, "मी फुंकायचं नाही तर करायचं काय, यागोदा? तिकिटं विकू?"

"विक. तिकिटं विकून कुणाचं तोंड वाकडं झालेलं मी पाहिलं नाही."

तो मान फिरवून बसला. मी त्याला म्हटलं, चौदा तारखेला तुझी सही लागते, तुझ्या आईची नाही. भोक तुझ्या हृदयात आहे. तेवढ्यात तुम्ही झाडू खाली टाकलात.

"भोक भोक करू नकोस माझ्या अंगणात! त्या बेलग्रेडच्या काल जन्मलेल्या डॉक्टरणीने मला काय विचारलं ठाऊक आहे? हा पोटात असताना काही आजारपण झालं होतं का, काही औषधं घेतली होती का. माझ्याकडे बघून! आणि तू बाई, दवाखान्याच्या सगळ्या व्हरांड्यासमोर बोललीस, 'फुटका माल माझ्या गळ्यात मारलात.' अगं, हा पोटात असताना मी आलुबुखारांच्या टोपल्या वाहिल्या शेवटच्या दिवसापर्यंत. सासू टेकू देत नव्हती. दोनदा पडले उतारावर. त्या टोपल्यांनी पडलं का ते? सांग की! तू शिकलेली आहेस ना, सांग!"

मला उत्तर सुचलं नाही. असं माझं सहसा होत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. म्हणून मी त्या टोपीवर घसरले, मफलरवर घसरले, कुत्र्यालाही काहीतरी बोलले. आणि शेवटची बस पकडली.

व्हरांड्यात बोलले ते बोलले. नवऱ्याला झटका आलेल्या बाईच्या तोंडून फुलं पडत नाहीत. पण त्या टोपल्यांचं मी डॉक्टरणीला विचारणार आहे. तुमच्यासाठी नव्हे. मला उत्तर न देता परत यायची सवय नाही.

यागोदा


चाचाक, ४ जुलै

स्तानोयकाबाई,

व्लायको, दार लाव. खिडकीही लाव, म्हणजे बाईंनाही बरं वाटेल. आणि हे पत्र गावात नेलंस तर या जन्मात तुला चाचाकच्या स्टँडवर सुटे पैसे मिळणार नाहीत.

डॉक्टरणीशी फोनवर बोलले. टोपल्यांचं विचारलं, पडल्याचं विचारलं. ती म्हणाली, "अरे देवा, त्यांना तसं वाटलं का? मी तर प्रत्येकाच्या आईला विचारते." टोपल्यांचा काही संबंध नाही. पडण्याचा नाही, तुमच्या सासूचाही नाही, जरी ती बाई काय होती हे मी पुष्कळ ऐकलंय.

नीट ऐका. हे भोक प्रत्येक पोराला असतं. तुम्हाला होतं, मला होतं, व्लायकोला होतं, बिशपलाही होतं. पोटातलं पोर श्वास घेत नाही. त्याच्या वाटचा श्वास आई घेते, आणि आईकडून आलेलं ताजं रक्त पोराच्या फुप्फुसात वळसा न घालता या भोकातून थेट डोक्याकडे जातं. ते नसतं तर तिहोमीर तुमच्या पोटातच गेला असता. पोर जन्मलं, पहिल्यांदा रडलं, की झडप मिटते आणि पुढे हळूहळू चिकटते. काहींची नीट चिकटत नाही. का, ते कुणालाच ठाऊक नाही. आईने काही केल्याने नव्हे आणि काही न केल्यानेही नव्हे.

मी तिला दोनदा विचारलं. ती म्हणाली, "सांगा त्यांना, त्या भोकातूनच त्यांनी मुलाला जगवलं."

सांगितलं.

आता तुमचे डोळे पुसून झाले असतील तर पुढचं ऐका, कारण मी तुमचं सांत्वन करायला लिहीत नाही. भोकाचा दोष तुमचा नाही. मिठाच्या मोज्याचा आहे. त्याला दवाखान्यातून पळवलंत त्याचा आहे. रोज सकाळी त्याच्या हातात ट्रम्पेट देता त्याचा तर आहेच आहे. ते मी माफ केलेलं नाही आणि माझा तसा विचारही नाही.

बंद कसं करतात ते विचारलं होतंत ना, "छाती फाडणार का" म्हणून? फाडत नाहीत. मांडीच्या नसेतून बारीक नळी वर हृदयापर्यंत नेतात. तिच्यातून घडी घातलेली जाळी सोडतात. ती भिंतीच्या दोन्ही बाजूंना उलगडते, कोटाची दोन बटणं पाठीला पाठ लावून शिवावीत तशी. एक-दोन दिवसांत घरी. पुढे काही महिने गोळ्या आणि आराम. त्यानंतर ट्रम्पेटचं बघू, असं ती म्हणाली. कधीच नाही, असं म्हणाली नाही. हे त्याला वाचून दाखवा. माझ्या तोंडून त्याला काही ऐकायचं नसतं.

यागोदा


चाचाक, ९ जुलै

स्तानोयकाबाई,

व्लायको लिहितो की ते एक पान तुम्ही त्याला पुन्हा पुन्हा वाचायला लावलंत आणि मग जेवलातच नाही. बरं. पण खाली तुमची अट वाचून माझं टाळकं सरकलं.

"सोमवारी येईल तो बेलग्रेडला. पण शनिवारी पेत्रोवदानच्या सणाला ओब्रादच्या पोरीचं लग्न आहे. स्वेतोझारच्या बँडचा पहिला ट्रम्पेट स्वेतोझारचा मुलगाच वाजवणार. नवरी घराबाहेर पडताना एकदाच. मग ने."

एकदाच! भिंतीवरून उडी मारणारा प्रत्येक जण एकदाच म्हणतो. नवरी निघताना वाजवायची ती धून मी सतरा वर्षं ऐकते आहे. शेवटचा सूर तो मान लाल होईपर्यंत ओढतो आणि पाहुणे त्याच्या घामेजल्या कपाळावर नोटा चिकटवतात. नेमक्या त्याच सुरावर डॉक्टरणीने बोट ठेवलं होतं.

तो स्वतःच म्हणतो, हेही लिहिलंय तुम्ही. म्हणणारच. एकदा पहिल्या ट्रम्पेटची खुर्ची सोडली की मागे वाजवणारा ओब्राद तिच्यावर बसेल, ही धास्ती त्याच्या मनात घातली कुणी? बाप गेल्यापासून हेच ऐकतोय तो तुमच्याकडून. लग्न तर ओब्रादच्या घरासमोरच्या उघड्या माळावर आहे. तिथे पडला तर कुठल्या खिडकीला दोष द्याल?

मी येते आहे लग्नाला. आमंत्रण नसलं तरी सून आहे मी त्या घरची.

यागोदा


चाचाक, १३ जुलै

स्तानोयकाबाई,

तुम्ही काल जे केलंत त्याबद्दल तुम्ही स्वतः कुणाला काही सांगणार नाही. व्लायको त्या वेळी कोकराच्या ताटात मान घालून बसला होता, त्यामुळे त्याला काही दिसलं नाही. तेव्हा हे पत्र त्याच्यासाठी आहे. तुम्ही नुसतं ऐका आणि चुकलं तर दुरुस्त करा.

मी मागे उभी होते, गाड्यांपाशी. ठरवून आले होते की त्याने ट्रम्पेट उचललं की पुढे जाऊन हिसकायचं, मग लग्न मोडलं तरी चालेल. नवरी दारात आली. बँड थांबला. तिहोमीर पुढे आला, टोपी नाही, मफलर नाही, पांढरा शर्ट, बापाचं ट्रम्पेट. खूप सुंदर दिसत होता हो. माझे पाय जागचे हलेनात, हे कबूल करते.

आणि तुम्ही उठलात. मोठ्या टेबलावरून, सगळ्यांच्या मधून, काठी न घेता. त्याच्यासमोर उभ्या राहिलात आणि ट्रम्पेटवर हात ठेवलात.

"आई, बाजूला हो," तो म्हणाला.

"हा वाजवणार नाही," तुम्ही म्हणालात. त्याला नाही, लोकांना. "माझ्या पोराच्या हृदयाला भोक आहे. जन्माचं आहे. माझ्या पोटातून आलंय. ज्युर्जेवदानला त्याला झटका आला होता आणि मी अडाण्यासारखी वाऱ्याला दोष देत बसले. सोमवारी ते बंद करणार आहेत. तोवर हा फुंकणार नाही."

द्रेनोवोत घरातलं दुखणं कुणी अंगणातही बोलत नाही. मुलींची लग्नं मोडतात, जमिनीची गिऱ्हाइकं फिरतात. तुम्ही ते दोनशे माणसांत बोललात. तेवढ्यात नवरदेवाकडचा तो टकला ओरडला, "आजी, भोक तर ट्रम्पेटलाही असतं!" आणि बरेच जण हसले.

"असतं ना," तुम्ही म्हणालात. "आणि तुझ्या थोबाडालाही आहे. ते मिटव, नाहीतर मी मिटवते."

मग ट्रम्पेट त्याच्या हातातून काढून घेतलंत आणि ओब्रादला दिलंत. स्वेतोझारचं ट्रम्पेट, पुतण्याला. तो वाजवू लागला, नवरी निघाली, आणि तुम्ही परत जागेवर जाऊन बसलात. कुणी तुमच्याशी बोललं नाही. मीही नाही. मला जमलं नाही.

तिहोमीर माझ्या आधी बसमध्ये जाऊन बसला होता. चाचाक येईपर्यंत डोळे मिटून बसला. आत्ता बॅग भरतोय. दुपारी बेलग्रेडला निघतो.

यागोदा


बेलग्रेड, १६ जुलै

स्तानोयकाबाई,

भोक बंद झालं. जाळी नीट बसली आहे. पुन्हा ते बुडबुड्यांचं पाणी सोडून जोर करायला लावला, पलीकडे जवळजवळ काही गेलं नाही. डॉक्टरीण खूश आहे. शपथ अजूनही घेत नाही. उद्या घरी सोडतील.

हे तुम्हाला फोनवर सांगितलं असतं. फोन लावलाही होता. तुम्ही या वेळी आपटला नाही, नुसत्या श्वास घेत राहिलात, आणि माझ्याच्याने बोलवेना. म्हणून पुन्हा पत्र.

आता जे लिहिते ते व्लायकोने वाचावं अशी माझी इच्छा नाही, पण दुसरं कोण आहे?

तिहोमीरने शुद्धीवर आल्यावर पाणी मागितलं, दुन्याचं विचारलं. तुमचं नाव नाही. संध्याकाळी मी म्हटलं, आईला कळवते. तर म्हणाला, "काही कळवू नकोस. तिने मला भर लग्नात नागडं केलं. त्या घराची पायरी मी पुन्हा चढणार नाही. मेली तरी नाही." शब्द अजून अडखळतात त्याचे, पण हे वाक्य एकदाही अडखळलं नाही.

हे वाक्य ऐकायला मी सतरा वर्षं तरसले. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही माझ्या हातची मक्याची भाकरी कुत्र्याला घातलीत तेव्हापासून. तो तुमच्यावर एकदा तरी उलटावा म्हणून मी काय काय केलं. आणि आज तो उलटला, तर मी त्याच्या खाटेशेजारी बसून रडले. माझा मलाच संताप आला.

कारण तो चुकतोय. तुम्ही आयुष्यभर चुकलात, मला छळलंत, त्याला मोज्यात भाजलंत, आणि तुमच्यावर उलटायला त्याने नेमका तो एकच दिवस निवडला ज्या दिवशी तुम्ही बरोबर होतात. हे मला सहन होत नाही. मी त्याला तसं सांगितलं. तो भिंतीकडे तोंड करून झोपला. तुमचाच मुलगा.

म्हणून रविवारी तुम्ही चाचाकला या. ओब्राद गाडीने सोडेल, त्याला मी सांगितलंय. तिहोमीरने दार उघडलं नाही तर मी उघडेन. तो बोलला नाही तर बसून राहा, तुम्हाला तेवढी जिद्द आहे. जेवायला खिमा भरलेली कोबीची पानं आहेत. खारट झाली म्हणून तोंड वाकडं केलंत तर मी ऐकून घेणार नाही. दुपारभर भांडू आपण, हवं तर रात्रीपर्यंत भांडू.

पण तुमच्याशी भांडायचं ते मी. त्याने नाही.

यागोदा